गचांडी धरून खजिना भरतो काय?

राजकीय उपहासाची साधने काळाबरोबर बदलत असतात. वग, प्रहसन, व्यंगचित्र, नभोवाणीवरील नकला अशी ही परंपरा आहे. त्यात गेल्या पंधरा-वीस वर्षांत संगणकावरील खेळाची भर पडली. प्रौढ वाचकांना हा विषय पोरकट वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या वयात मनुष्याची राजकीय समजूत घडत असते, त्या वयाची मुलेमुली आज अग्रलेखापेक्षा अशा खेळात अधिक वेळ घालवितात. तेव्हा या खेळांतून काय शिकविले जाते आणि खेळणारे त्यातून काय उचलतात, या प्रश्नाकडे निदान शिक्षकाला तरी पाठ फिरविता येणार नाही.

या प्रश्नाची उत्तम तपासणी करता येईल असा एक खेळ फ्रान्समध्ये एप्रिल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. अध्यक्षीय निवडणुकीची पहिली फेरी २३ एप्रिलला होती आणि प्रचार शिगेला पोहोचला होता. डाव्या विचाराचे उमेदवार झाँ-ल्यूक मेलाँशाँ यांच्या तरुण समर्थकांनी, कोणत्याही मोठ्या कंपनीच्या पाठबळाविना, केवळ हौसेने तयार केलेल्या या खेळाचे नाव होते ‘फिस्कल कॉम्बॅट’. १९९२ पासून जगभर गाजलेल्या ‘मॉर्टल कॉम्बॅट’ या मारामारीच्या खेळाच्या नावावर केलेली ही कोटी होती. मराठीत आपण त्याला ‘राजकोषीय संग्राम’ म्हणू.

खेळ अगदी साधा होता. पडद्यावर मेलाँशाँ यांची छोटी, जुन्या धर्तीची चौकटी-चौकटींची आकृती रस्त्याने चालत असे. समोरून श्रीमंत माणसे येत. खेळणाऱ्याने त्यांची गचांडी धरायची आणि खिशातून पैसे पडेपर्यंत त्यांना गदागदा हलवायचे. गोळा झालेला पैसा उमेदवाराच्या जाहीरनाम्यातील कार्यक्रमासाठी जमा होई. समोर येणाऱ्यांत माजी अध्यक्ष निकोला सार्कोझी होते. त्या वेळी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या प्रमुख असलेल्या क्रिस्तीन लागार्द होत्या आणि प्रतिस्पर्धी उमेदवार एमान्युएल मॅक्रॉनही होते.

लोकक्षोभाची पार्श्वभूमी

हा विनोद फ्रेंच तरुणाला का भावला, हे समजण्यासाठी त्या काळातील घटना आठवल्या पाहिजेत. करचुकवेगिरीविरुद्धच्या मोहिमेचे नेतृत्व करणारे अर्थसंकल्पमंत्री जेरोम काहुझाक यांना स्वतःचेच परदेशातील गुप्त खाते उघडकीस आल्यामुळे मार्च २०१३ मध्ये पद सोडावे लागले होते आणि डिसेंबर २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना तुरुंगवासाची शिक्षा ठोठावली होती. त्याच महिन्यात लागार्दबाईंना, त्या अर्थमंत्री असतानाच्या एका प्रकरणी, विशेष न्यायालयाने निष्काळजीपणाबद्दल दोषी ठरविले, मात्र शिक्षा काहीच दिली नाही. पुढच्याच महिन्यात, जानेवारी २०१७ मध्ये, उजव्या पक्षाचे उमेदवार फ्रान्स्वा फियाँ यांनी आपल्या पत्नीला संसदीय साहाय्यक म्हणून दिलेल्या वेतनाचे प्रकरण बाहेर आले. ज्यांनी नियम करायचे तेच नियमाबाहेर, ही भावना त्यामुळे बळावली. ज्याच्या पगारातून कर आधीच कापला जातो, त्या सामान्य नोकरदाराला ही भावना समजावून सांगण्याची गरज नाही. तिला वाट करून देणारा खेळ लोकप्रिय झाला, यात नवल नव्हते.

खेळाचे स्वागत अपेक्षेप्रमाणे दोन तऱ्हांनी झाले. समर्थकांना तो खुसखुशीत वाटला. रक्त नाही, शस्त्र नाही, नुसते खिसे झाडणे, यात कसली आली हिंसा, असे त्यांचे म्हणणे. विरोधकांना त्यात झुंडशाहीचा वास आला. हयात व्यक्तींना नावानिशी रस्त्यात अडवून हलविण्याची मौज तरुणांना चटावणे हे लोकशाहीला शोभत नाही, असा त्यांचा आक्षेप. दोन्ही बाजूंत तथ्यांश आहे. परंतु या दोन्ही बाजू एकाच गोष्टीकडे पाहत होत्या, ती म्हणजे पडद्यावर कोणाचा चेहरा आहे. आपल्या नावडत्या माणसाचा चेहरा असला की खेळ चांगला, आवडत्याचा असला की वाईट! खेळाचा जो खरा आशय, त्याची चर्चा जवळजवळ झालीच नाही.

खेळ बोलतो तो नियमांतून

व्यंगचित्र रेषेतून बोलते, नाटक संवादातून बोलते, तसा खेळ नियमांतून बोलतो. अमुक केले की तमुक होते, अमुक केल्याशिवाय जिंकता येत नाही, हे त्याचे विधान असते. चेहरे बदलले तरी विधान बदलत नाही. याचे सर्वांत बोलके उदाहरण संगणकाच्या जन्माआधीचे आहे. अमेरिकेतील एलिझाबेथ मॅगी या बाईंनी १९०४ मध्ये ‘जमीनदाराचा खेळ’ या नावाच्या पटखेळाचे पेटंट मिळविले. जमिनीचे भाडे मूठभरांच्या हाती साचते आणि बाकीचे कंगाल होतात, तेव्हा कर बसवायचा तो जमिनीवर, हा अर्थशास्त्रज्ञ हेन्री जॉर्ज यांचा विचार त्यांना लोकांना शिकवायचा होता. पुढे त्यांनी खेळाला दोन नियमावल्या दिल्या. एकीत संपत्ती वाढली की सर्वांचा लाभ होई, दुसरीत एकाने बाकीच्यांना चिरडायचे. खेळणाऱ्यांनी काय उचलले? चिरडण्याची नियमावली! तिच्यातूनच आलेला ‘मोनॉपॉली’ हा खेळ पार्कर ब्रदर्स कंपनीने १९३५ मध्ये बाजारात आणला आणि बाईंच्या पेटंटचे पाचशे डॉलर देऊन त्यांची बोळवण केली. उन्हाळ्याच्या सुटीत मुंबईतील जागा विकत घेत आपण सर्वजण जो ‘व्यापार’ खेळलो, तो याच घराण्यातला. भांडवलशाहीवरील टीका म्हणून जन्मलेला खेळ भांडवलदार होण्याची रंगीत तालीम बनला, कारण खेळणाऱ्याच्या मनात हेतू उरत नाही, नियम उरतो.

याउलट, नियम नेमका असला तर एक साधा खेळही केवढे बोलू शकतो, हे उरुग्वेतील गोन्सालो फ्रास्का यांच्या २००३ मधील ‘१२ सप्टेंबर’ या खेळाने दाखविले. त्यात एका गावावर दहशतवाद्यांना टिपण्यासाठी क्षेपणास्त्र सोडता येते. परंतु त्याने आजूबाजूची निरपराध माणसे मरतात, त्यांच्यासाठी शोक करणारे लोक स्वतःच दहशतवादी बनतात आणि जितके मारावे तितके शत्रू वाढतात. त्यात विजय नाहीच. कोणत्याही नेत्याचा चेहरा न दाखविता त्या खेळाने एका धोरणाची चिकित्सा केली. त्याचे विधान कोणाला पटो वा न पटो, त्याच्याशी वाद घालता येतो, कारण त्याने कार्यकारणाचा संबंध मांडला आहे.

खिशात पैसा असतो काय?

याच कसोटीवर ‘फिस्कल कॉम्बॅट’चा नियम लावून पाहू. त्याचे विधान असे की, पैसा श्रीमंतांच्या खिशात आहे, तो बाहेर काढायला फक्त जोरदार हात हवा. या वाक्याचा पूर्वार्ध अर्धसत्य आहे आणि उत्तरार्ध चूक आहे.

अर्धसत्य अशासाठी की, अतिश्रीमंतांची संपत्ती खिशात नसतेच. ती कंपन्यांच्या समभागांत असते आणि त्या समभागांचे उत्पन्न होल्डिंग कंपनीत साचवून ठेवले जाते. ते मालकाच्या वैयक्तिक उत्पन्नात उतरतच नाही, मग त्यावर प्राप्तिकर लागणार कसा? फ्रान्समधील सार्वजनिक धोरण संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २०१६ सालची, म्हणजे या खेळाच्या आदल्याच वर्षाची, आकडेवारी तपासली आहे. लोकसंख्येतील वरच्या ०.१ टक्का गटावर कराचा एकूण भार सुमारे ४६ टक्के पडत होता. परंतु अगदी शिखरावरच्या सुमारे ७५ कुटुंबांवर तो २६ टक्क्यांपर्यंत खाली येत होता. शिडीच्या शेवटच्या पायरीवर करभार वाढण्याऐवजी घसरतो, ही लोकांच्या क्षोभाला पुष्टी देणारी गोष्ट आहे. क्षोभ रास्त होता, असाच त्याचा अर्थ. मात्र ज्या यंत्रणेमुळे हे घडते, तिचा मागमूस खेळात नाही. गचांडी धरून हलविले तर त्या गृहस्थाच्या खिशातून फार तर रुमाल पडेल!

उत्तरार्ध चूक आहे तो अनुभवाच्या आधारे. समाजवादी अध्यक्ष फ्रान्स्वा ओलाँद यांनी २०१२ मध्ये दहा लाख युरोंच्या वरच्या उत्पन्नावर ७५ टक्के कर जाहीर केला. घटना परिषदेने तो त्याच वर्षाच्या डिसेंबरात रद्द ठरविला. मग तो कंपन्यांवर दोन वर्षांपुरता बसला आणि २०१५ च्या आरंभी संपुष्टात आला. फ्रान्समध्ये संपत्तीवरील कर १९८२ मध्ये आला, १९८७ मध्ये गेला, १९८९ मध्ये परत आला आणि २०१८ च्या आरंभी मॅक्रॉन यांनी तो स्थावर मालमत्तेपुरता आकुंचित केला. रद्द होण्यापूर्वी त्याचे उत्पन्न वर्षाला चार-पाच अब्ज युरो होते. त्याच सुमारास मूल्यवर्धित कर, म्हणजे पाव घेणाऱ्या प्रत्येकाने दुकानात भरलेला कर, फ्रेंच सरकारला दीडशे अब्जांच्या आसपास मिळवून देत होता. खजिना कोणाच्या खिशातून भरतो, हे या दोन आकड्यांवरून समजते.

आपला अनुभव याहून निराळा नाही. १९७३-७४ मध्ये आपल्याकडे प्राप्तिकराचे अकरा टप्पे होते आणि दोन लाखांवरील उत्पन्नावर अधिभार धरून ९७.७५ टक्के कर होता. याहून घट्ट गचांडी ती कोणती? त्यापूर्वीच वांच्छू समितीने १९७१ मध्ये इतके चढे दर करचुकवेगिरीला उत्तेजन देतात असे बजावून दर खाली आणण्याची शिफारस केली होती आणि १९७४-७५ मध्ये तो ७७ टक्क्यांवर आणावा लागला. प्राध्यापक कॅल्डॉर यांच्या सूचनेवरून १९५७ मध्ये आलेला संपत्तिकरही २०१५ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला. २०१३-१४ मध्ये सबंध देशातून त्याचे उत्पन्न अवघे १,००८ कोटी रुपये होते. दर कागदावर कडक होता, पण पळवाटा त्याहून रुंद होत्या. सापडला तो पगारदार, कारण त्याचे उत्पन्न लपविता येत नाही.

आणखी एक गोष्ट. खुद्द मेलाँशाँ यांचा कार्यक्रम या खेळाइतका भाबडा नव्हता. प्राप्तिकराचे चौदा टप्पे करावेत आणि वर्षाला चार लाख युरोंच्या वरचे उत्पन्न जवळजवळ सर्वच सरकारजमा व्हावे, असे त्यांचे म्हणणे होते हे खरे. परंतु त्याबरोबरच १०० अब्ज युरोंची सार्वजनिक गुंतवणूक कर्जाने उभारावी आणि तिच्यामुळे वाढणाऱ्या उत्पादनातून महसूल वाढावा, ही त्या कार्यक्रमातील मध्यवर्ती कल्पना होती. ती बरोबर की चूक यावर अर्थशास्त्रज्ञांत मतभेद आहेत आणि ते असणारच. पण ज्या खेळाने या कार्यक्रमाचा प्रचार करायचा, त्याने त्यातील विचार करण्याजोगा भागच गाळला.

उपहासाचा अधिकार

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. उपहास म्हणजे अर्थसंकल्प नव्हे. व्यंगचित्रकार नाक लांब काढतो तेव्हा आपण फूटपट्टी घेऊन बसत नाही. मग चार घटकांची करमणूक करणाऱ्या खेळाकडून करशास्त्राची अपेक्षा कशासाठी? अतिशयोक्ती हा उपहासाचा प्राण आहे हे मान्य. पण अतिशयोक्ती सत्याची असावी लागते. फियाँ यांचे प्रकरण बाहेर काढणारे ‘ल कानार आँशेने’ हे साप्ताहिकही उपहासाचेच पत्र आहे. १९१५ पासून ते सत्ताधीशांची टर उडवीत आले आहे. पण त्या हसण्यामागे कागदपत्रे असतात, म्हणून ते बोचते.

शिवाय व्यंगचित्र पाहणारा प्रेक्षक असतो, खेळ खेळणारा कर्ता असतो. चित्राकडे पाहून आपण हसतो आणि पान उलटतो. खेळात तीच कृती आपल्याच बोटांनी शंभर वेळा होते आणि प्रत्येक वेळी तिला बक्षीस मिळते. पाठांतर कशाला म्हणतात हे शिक्षकांना सांगायला नको. शंभर वेळा गिरविलेला नियम खरा वाटू लागतो.

या गिरविण्यातील धोका पुढच्याच वर्षी ब्राझीलमध्ये दिसला. ऑक्टोबर २०१८ मधील अध्यक्षीय निवडणुकीच्या पहिल्या फेरीच्या दोनच दिवस आधी ‘बॉल्सोमितो २के१८’ नावाचा मारामारीचा खेळ विक्रीस आला. त्यात उजव्या पक्षाचे उमेदवार जायर बोल्सोनारो यांच्या रूपातील नायक स्त्रीवादी, समलिंगी आणि भूमिहीनांच्या चळवळीतील माणसांना ठोकून काढतो. सरकारी अभियोक्त्यांनी त्याची चौकशी सुरू केली. हे दोन खेळ एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. एकात गचांडी सत्ता भोगलेल्यांची धरली आहे, दुसऱ्यात मार दुबळ्यांना आहे. एकात हलविणे आहे, दुसऱ्यात जिवावर उठणे आहे. उपहास वरच्याकडे तोंड करून केला तरच तो उपहास. खालच्याकडे केला की त्याला दुसरे नाव आहे. परंतु हा फरक चेहऱ्यांतला आणि तीव्रतेतला आहे. समोरचा माणूस हाच प्रश्न आणि बाहुबळ हेच उत्तर, हा नियम दोन्हीकडे सारखा आहे. ज्या हाताला या नियमाची सवय लागली, त्याच्यासमोर उद्या कोणता चेहरा आणून उभा करायचा, हे खेळ रचणाराच ठरवील.

शिक्षकांचे काम

मग असे खेळ बंद करावेत काय? मुळीच नाही. आज श्रीमंतांचे खिसे झाडणाऱ्या खेळावर येणारी बंदी उद्या ‘१२ सप्टेंबर’सारख्या खेळावर येईल आणि सत्ताधीशांना तेच हवे असते. प्रत्यक्ष हिंसेची चिथावणी असेल तेथे कायदा आहे. बाकी सर्व काम शिक्षकांचे आणि सुजाण पालकांचे आहे.

ते कामही अवघड नाही. वर्गात एखादी कविता शिकविताना आपण कवीला काय म्हणायचे आहे हे विचारतो. तसेच खेळाबद्दल तीन प्रश्न विचारता येतील. यात जिंकायला काय करावे लागते? कोणती गोष्ट करण्याची सोयच ठेवलेली नाही? आणि सर्व चेहरे पुसून टाकले तर उरणारे विधान आपल्याला मान्य आहे काय? ‘फिस्कल कॉम्बॅट’मध्ये कायदा बदलण्याची सोय नव्हती, हिशेब तपासण्याची नव्हती, होल्डिंग कंपनीचे दार ठोठावण्याची नव्हती. होती ती फक्त गचांडी धरण्याची. हे ज्या विद्यार्थ्याला दिसले, त्याने तो खेळ खुशाल खेळावा आणि पोटभर हसावे.

कारण नियमाच्या भाषेत विचार करणे शक्य आहे, हे फ्रान्सनेच पुढे दाखविले. १० कोटी युरोंहून अधिक संपत्ती असलेल्यांनी सर्व कर मिळून दर वर्षी त्या संपत्तीच्या निदान २ टक्के तरी भरावेत, अशी अर्थशास्त्रज्ञ गाब्रिएल झुकमन यांची सूचना आहे. उत्पन्न कोठे साचविले आहे हा प्रश्नच तीत बाजूला पडतो, कारण मोजमाप संपत्तीचे होते. राष्ट्रीय सभेने फेब्रुवारी २०२५ मध्ये ती संमत केली, सेनेटने जूनमध्ये फेटाळली आणि ऑक्टोबरमध्ये अर्थसंकल्पाच्या चर्चेत राष्ट्रीय सभेनेही ती नाकारली. भांडवल देशाबाहेर जाईल काय, कारखान्याच्या समभागांची किंमत कशी ठरवायची, नवोदित उद्योजकाने रोख रक्कम आणायची कोठून, अशा प्रश्नांवर तेथे कडाक्याचा वाद झाला. सूचना हरली, पण वाद योग्य जागी झाला. तो कोणाच्या चेहऱ्यावरून नव्हता, नियमावरून होता.

दरम्यान, नोव्हेंबर २०१८ मध्ये इंधनावरील करवाढीविरुद्ध पिवळी जाकिटे घालून लाखो फ्रेंच नागरिक रस्त्यावर आले आणि रद्द झालेला संपत्तिकर परत आणा ही त्यांच्या मागण्यांपैकी एक होती. पडद्यावरील गमतीतून जो राग निवळला असे वाटले होते, तो निवळलेला नव्हता, हाच त्याचा अर्थ. उपहास लोकांच्या मनातील अन्यायाची जाणीव जागी ठेवतो आणि तेवढे केले तरी त्याचे काम झाले. त्या जाणिवेतून कायदा घडविण्याचे काम मात्र नागरिकांनाच करावे लागते. ते पडद्यावरच्या खेळापेक्षा रूक्ष आहे आणि त्यात दर टप्प्याला नाणी खुळखुळत नाहीत. परंतु ज्या तरुणाला त्या रूक्ष कामाची गोडी लागणार नाही, त्याच्या पगारातून कर निमूटपणे कापला जात राहील आणि वरच्या पायरीवरचा मनुष्य त्याचा खेळ पाहून खुशाल हसत राहील.